ओळंबा फसतो तेव्हा

एखादी घटना कोणीच पाहिलेली नसेल आणि तिच्यातून कोणी वाचलेलेही नसेल, तर ती कशी घडली हे सांगता येते का? इतिहासाच्या शिक्षकाला हा प्रश्न रोजचाच आहे. विज्ञानाच्या शिक्षकालाही तो परका नाही. पृथ्वीचा जन्म कोणी पाहिलेला नाही, तरी खडकांवरून आपण तिचे वय सांगतो. या लेखात अशाच एका न पाहिलेल्या घटनेचा मागोवा घेऊ. घटना लहानशीच आहे. अमेरिकेत एका रात्री एक चार आसनी विमान शेतात कोसळले. पण तिचा उलगडा करताना बलांचे गणित, कानाची रचना, भोवऱ्याचा गुणधर्म आणि माणसाचा आपल्या ज्ञानेंद्रियांवरचा विश्वास, असे बरेच काही हाती लागते.

बर्फातला प्रवास

१९५९ सालच्या जानेवारीत तरुण गायकांचा एक ताफा अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागात गावोगाव कार्यक्रम करत हिंडत होता. त्यात २२ वर्षांचा बडी हॉली होता, १७ वर्षांचा रिची व्हॅलेन्स होता आणि २८ वर्षांचा जे. पी. रिचर्डसन होता. रॉक अँड रोल या तेव्हाच्या नव्या संगीतातली ही गाजलेली नावे. प्रवास बसने चालला होता. कडाक्याच्या थंडीत बसमधली उष्णतेची सोय वारंवार बिघडे. ताफ्यातल्या ढोलवादकाच्या पायांना हिमदंश होऊन त्याला रुग्णालयात ठेवावे लागले होते.

२ फेब्रुवारीला आयोवा राज्यातल्या क्लिअर लेक या गावी कार्यक्रम झाला. पुढचा मुक्काम मिनेसोटातल्या मूरहेडला होता. रात्रभर पुन्हा त्याच बसमध्ये कुडकुडण्यापेक्षा विमानाने पुढे जावे असे हॉलीने ठरवले. जवळच्या मेसन सिटी विमानतळावरून एक भाड्याचे विमान मिळाले. ते बीचक्राफ्ट बोनान्झा या जातीचे, १९४७ साली बनलेले, एका इंजिनाचे होते. वैमानिक रॉजर पीटरसन अवघा २१ वर्षांचा होता.

मध्यरात्र उलटून गेल्यावर, एक वाजण्याच्या सुमारास विमान उडाले. हलका हिमवर्षाव सुरू होता. आकाश झाकलेले होते. वारा ३० नॉटपर्यंत उसळत होता. विमान दक्षिणेकडे उडाले, डावीकडे वळले, सुमारे ८०० फूट उंचीवर विमानतळाच्या बाजूने पुढे गेले आणि वायव्येला निघाले. विमानाचा मालक नियंत्रण मनोऱ्याबाहेरून पाहत होता. विमान पाच-एक मैलांवर असताना त्याच्या शेपटीचा पांढरा दिवा हळूहळू खाली उतरत दिसेनासा झाला. वैमानिक उडाल्यानंतर रेडिओवरून आपल्या मार्गाची नोंद देणार होता. ती आलीच नाही. पुन्हा पुन्हा साद घालूनही उत्तर मिळाले नाही.

सकाळी साडेनऊच्या सुमारास मालक स्वतः दुसरे विमान घेऊन शोधायला निघाला. विमानतळापासून सहा मैलांच्या आतच, एका शेतात, तारेच्या कुंपणाला टेकलेला चुराडा त्याला दिसला. तिघे गायक आणि वैमानिक, चौघेही जागच्या जागी मरण पावले होते.

शेतातला पुरावा

आता आपण चौकशी करणाऱ्यांच्या जागी उभे राहू. विमानात उड्डाणाची नोंद ठेवणारे यंत्र नव्हते. वैमानिकाचा शेवटचा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. हाती होते ते बर्फातले मोडके धातू. पण धातू पुष्कळ बोलतो, विचारणारा हवा.

पहिला प्रश्न: विमान हवेत असतानाच मोडले का? तसे असते तर तुकडे वाटेत दूरवर विखुरलेले सापडले असते. तसे काही नव्हते. उजव्या पंखाचे टोक प्रथम जमिनीला लागल्याची खूण होती आणि तिथून ५४० फुटांवर, म्हणजे सुमारे १६५ मीटरवर, मुख्य सांगाडा पडला होता.

दुसरा प्रश्न: इंजिन बंद पडले का? पंख्याची दोन्ही पाती मुळाशी तुटलेली होती. बंद पंखा जमिनीवर आपटला तर त्याची मोडतोड वेगळी होते, जोर लावून फिरणारा पंखा आपटला तर वेगळी. इथला पंखा आदळण्याच्या क्षणीही इंजिनाच्या जोरावर फिरत होता. चाके पोटात घेतलेली होती, म्हणजे उतरण्याचा प्रयत्नही नव्हता.

तिसरा पुरावा सर्वांत बोलका. जोराच्या आघाताने तबकड्यांवरचे काटे जागच्या जागी अडकून बसतात. वेगदर्शकाचा काटा ताशी १६५ ते १७० मैलांवर थांबला होता. उंची किती झपाट्याने बदलते ते दाखवणारा काटा मिनिटाला ३००० फूट उतार दाखवत होता. विमानाचा कल दाखवणारे यंत्र सांगत होते: उजवीकडे ९० अंश कलंडलेले, नाक खाली.

हे आकडे आपण फळ्यावर मांडून पाहू. ताशी १७० मैल म्हणजे सेकंदाला सुमारे ७६ मीटर. मिनिटाला ३००० फूट म्हणजे सेकंदाला सुमारे १५ मीटर. दर सेकंदाला विमान आपल्या वाटेवर ७६ मीटर जात होते आणि त्यात १५ मीटर खाली येत होते. म्हणजे पाचास एक असा उतार, कोन जेमतेम ११-१२ अंश. याचा अर्थ विमान दगडासारखे पडलेले नाही. ते उडत होते, इंजिन जोरात होते, वेग भरपूर होता आणि ते उताराच्या वाटेवरून वळत वळत जमिनीत शिरले. ८०० फुटांवरून या वेगाने उतरायला लागणारा वेळही काढता येतो: सुमारे १६ सेकंद.

म्हणजे विमान शाबूत होते, इंजिन शाबूत होते. वैमानिक बेशुद्ध होता असेही दिसत नव्हते, कारण इतक्या तीव्र वळणातही नाक थोडेच खाली होते, म्हणजे शेवटपर्यंत कोणीतरी विमान आवरत होते. मग आवरणारा माणूस विमान जमिनीकडे का नेईल? एकच उत्तर संभवते. आपण जमिनीकडे जात आहोत हे त्याला ठाऊकच नव्हते.

हे शक्य आहे का? आपले विमान आडवे झाले आहे, हे आत बसलेल्याला कळणार नाही का?

कानातली पाणसळ

गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ओळंब्याने पाहतो आणि थर समपातळीत आहे की नाही हे पाणसळीने. निसर्गाने आपल्या प्रत्येकाच्या कानात या दोन्ही सोयी केल्या आहेत. अंतर्कर्णात बारीक खड्यांनी जड झालेला एक पडदा असतो. डोके कलले की तो सरकतो आणि ‘खाली’ कुठे आहे ते मेंदूला कळते. हा झाला ओळंबा. त्याशिवाय एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकृती नलिका असतात. त्यांत द्रव असतो. डोके फिरू लागले की नलिका फिरते, पण आतला द्रव जडत्वामुळे मागे राहतो आणि तिथला नाजूक पडदा वाकतो. त्यावरून फिरणे कळते.

जमिनीवर चालणाऱ्या प्राण्याला ही व्यवस्था पुरेशी आहे. पण तिच्यात दोन उणिवा आहेत.

पहिली उणीव नलिकांची. त्यांना फिरणे कळत नाही, फिरण्याच्या गतीतला बदल कळतो. एकाच गतीने फिरत राहिले तर थोड्याच वेळात द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि फिरण्याची जाणीव विरून जाते. मग फिरणे थांबले की द्रव पुढे जात राहतो आणि उलट्या दिशेने फिरल्याचा भास होतो. शिवाय बदल फारच सावकाश असेल तर तो मुळात जाणवतच नाही. सेकंदाला फक्त एक अंश या संथ गतीने विमान कलत गेले, तरी अर्ध्या मिनिटात ते ३० अंश कललेले असेल.

दुसरी उणीव ओळंब्याची. गोफण किंवा पाण्याने भरलेली बादली गरगर फिरवताना पाणी सांडत नाही, हे आपण मुलांना दाखवतो. वळणाऱ्या विमानात तेच घडते. नीट कललेल्या वळणात विमानाच्या छताला टांगलेला ओळंबा जमिनीकडे ओढला जात नाही, तो विमानाच्या तळाकडेच ओढलेला राहतो. पेल्यातल्या पाण्याची पातळीही तळाला समांतरच राहते. ओळंब्याला ‘खाली’ म्हणजे पृथ्वीचे केंद्र हे ठाऊक नाही. गुरुत्व आणि वळणाचा परिणाम यांची बेरीज ज्या दिशेला, ते त्याचे ‘खाली’. कानातला ओळंबाही तसाच फसतो. दिवसा हे लगेच कळते, कारण खिडकीतून क्षितिज दिसते. डोळा कानाची चूक सुधारतो. पण रात्र, ढग, पडता बर्फ आणि खाली विरळ वस्तीचा, दिवे नसलेला प्रदेश असेल तर सुधारणार कोण?

अशा वेळी विमान थोडे कलते, हे वैमानिकाला कळत नाही. पंखांचे उचलणारे बल आता तिरपे असते. त्याचा वजन पेलणारा उभा भाग कमी पडतो. विमान वळू लागते आणि उतरू लागते, वेग वाढतो. उंची कमी होते आहे हे पाहून वैमानिक नाक वर ओढतो. पण विमान आडवे असताना नाक ‘वर’ ओढणे म्हणजे वळण अधिक आवळणे! गिरकी घट्ट होत जाते. वैमानिकांनी या गिरकीला स्मशानावरून नाव दिले आहे.

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात याची पद्धतशीर चाचणी झाली. यंत्रांवरून उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना, बाहेरचे काही दिसणार नाही अशा अवस्थेत विमान चालवायला दिले. सोबत अर्थातच प्रशिक्षक होता. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटेही नाहीत.

खुर्चीतून लागलेला शोध

कान फसतो हे ज्ञान विमानाहून जुने आहे. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये फ्लुरांस याने कबुतरांच्या या नलिका कापल्या तेव्हा त्यांचा तोल बिघडला. पण त्याचा अर्थ लागायला अर्धे शतक जावे लागले. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख एकदा आगगाडीतून जात होता. गाडी वळणावर असताना बाहेरची घरे आणि झाडे त्याला तिरपी दिसली. हे निरीक्षण आपल्यापैकी अनेकांनी केले असेल. माखने ते सोडून दिले नाही. फिरत्या खुर्चीवर माणसांना बसवून त्याने प्रयोग केले. १८७३ ते १८७५ या काळात माख, व्हिएन्नाचा ब्रॉयर आणि एडिंबरोचा क्रम ब्राउन हे तिघे स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला आले: या नलिका फिरण्यातला बदल ओळखतात. पुढे रॉबर्ट बारानी या वैद्याने फिरत्या खुर्चीचा उपयोग कानाच्या तपासणीसाठी केला. या अवयवावरील कामासाठी त्याला १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वैमानिकांपर्यंत ही गोष्ट पोचायला १९२६ साल उजाडले. अमेरिकी लष्करातला अनुभवी वैमानिक विल्यम ऑकर वैद्यकीय तपासणीसाठी गेला. डॉ. डेव्हिड मायर्स यांनी त्याला डोळे झाकून बारानीच्या खुर्चीत बसवले आणि फिरवले. आपण कोणत्या दिशेला फिरतो आहोत हे ऑकरला नीट सांगता येईना. तो चक्रावला. मग त्याने एक पेटी बनवली. तिच्यात वळण दाखवणारे यंत्र आणि विजेरी ठेवली. पेटीत डोळे घालून तो पुन्हा खुर्चीत बसला. या वेळी त्याची सारी उत्तरे बरोबर आली. कान तोच, खुर्ची तीच. फरक एवढाच, की तो स्वतःच्या जाणिवेऐवजी यंत्रावर विश्वास ठेवत होता.

या यंत्रांच्या मुळाशी आपला भोवराच आहे. जोरात फिरणारा भोवरा आपल्या अक्षाची दिशा सहजी सोडत नाही. तो नीट टांगला तर विमान कसेही कलो, भोवऱ्याचा अक्ष तसाच राहतो आणि त्याच्या आधाराने तबकडीवर एक ‘कृत्रिम क्षितिज’ काढता येते. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल याने झाकलेल्या कक्षात बसून, बाहेर न पाहता, केवळ यंत्रांवरून विमान उडवले आणि उतरवले. हरवलेले क्षितिज आता तबकडीवर मिळाले होते.

उलटे यंत्र

मग १९५९ साली पीटरसनला ते का मिळाले नाही? त्याच्या विमानात कल दाखवणारे यंत्र होते. त्याच्या गाठीला ७११ तासांचे उड्डाण होते. यंत्रांवरून उडण्याचे सुमारे ५२ तासांचे शिक्षणही झाले होते. मात्र त्याची प्रात्यक्षिक परीक्षा मार्च १९५८ मध्ये तो नापास झाला होता, त्यामुळे तसा परवाना त्याच्याकडे नव्हता.

चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. तो ज्या विमानांवर शिकला होता त्यांत नेहमीचे कृत्रिम क्षितिज होते. नाक खाली गेले की त्यातली क्षितिजाची रेषा वर सरकते, खिडकीतून दिसावी तशी. या बोनान्झात मात्र स्पेरी एफ-३ जातीचे यंत्र होते. नाक वर की खाली हे दाखवण्याची त्याची रीत नेमकी उलटी होती. उसळत्या वाऱ्यात इतर काटे थरथरत असणार. अशा वेळी मन ज्या एका यंत्राकडे धावेल, तेच परक्या भाषेत बोलत होते. आपण वळत वर चढतो आहोत असे समजून तो वळत खाली उतरत गेला असावा.

नागरी विमानवाहतूक मंडळाचा अहवाल सप्टेंबर १९५९ मध्ये आला. केवळ यंत्रांच्या आधारे करावे लागेल असे उड्डाण पात्रता नसताना हाती घेणे, हे संभाव्य कारण म्हणून त्यात नोंदवले आहे. पण अहवाल तिथे थांबला नाही. वैमानिकाने आणि मालकाने हवामानाची चौकशी अनेकदा केली होती. रात्री ११.३५ ला आणि १२.१५ ला वाटेवरच्या बिघडत्या हवामानाचे तातडीचे इशारे निघाले होते. पहिल्यात सुमारे १०० मैल रुंदीचा हिमवर्षावाचा पट्टा आणि दोन मैलांहून कमी दृश्यता यांचा उल्लेख होता. हे इशारे वैमानिकाला कोणी सांगितलेच नाहीत. हवामानाची माहिती देण्यातली ही गंभीर उणीव आणि यंत्राची अपरिचितता, ही दोन्ही साहाय्यक कारणे अहवालात स्पष्ट लिहिली आहेत.

एका तरुणाचा उतावळेपणा, एवढ्यावर ही गोष्ट संपवणे सोपे होते. पण इशारे कळते तर तो निघाला असता का? यंत्र ओळखीचे असते तर सावरला असता का? चौकशीचा हेतू शिक्षा देणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा असेल, तर हे प्रश्न विचारावेच लागतात.

अफवा आणि अस्थी

वसंतात बर्फ वितळल्यावर शेतात हॉलीचे पिस्तूल सापडले आणि विमानात गोळी सुटली असावी अशी कुजबुज सुरू झाली. ती जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. शेवटी २००७ साली रिचर्डसनच्या मुलाच्या इच्छेवरून त्याचा देह उकरून तपासण्यात आला. अस्थितज्ज्ञ विल्यम बास यांना क्ष-किरण तपासणीत जागोजागी मोडलेली हाडे दिसली, पण गोळीचा मागमूस नव्हता. मृत्यू आघाताने, तत्क्षणी झाला होता. २०१५ साली प्रकरण पुन्हा उघडावे असा अर्ज आला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तो नाकारला.

तरीही अहवालातला ‘संभाव्य’ हा शब्द विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावा. विमान शाबूत होते आणि इंजिन चालू होते, हे धातू दाखवतो. वैमानिकाच्या मनात काय होते हे कोणताही धातू दाखवत नाही. तिथे अनुमानच करावे लागते. काय पाहिले आणि काय ताडले यांतली रेघ अहवालाने पुसली नाही, म्हणून तो वाचण्याजोगा आहे.

वांद्र्याजवळच्या समुद्रात

हा धोका लहान विमानांचा किंवा नवशिक्यांचाच असे समजू नये. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट मुंबईहून दुबईला निघाले. पुढे काळा समुद्र, क्षितिज नाही. कप्तानासमोरचे कल दाखवणारे यंत्र बिघडले आणि विमान सरळ असूनही उजवीकडे कलल्याचे दाखवत राहिले. कप्तान ते सावरायला विमान डावीकडे वळवत गेला. उड्डाणानंतर १०१ सेकंदांत विमान वांद्र्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. कप्तान अत्यंत अनुभवी होता. शेजारच्या सहवैमानिकाचे आणि तिसरे राखीव यंत्र योग्य माहिती देत होते.

मेसन सिटीला यंत्र खरे होते, पण त्याची भाषा परकी होती. मुंबईला यंत्रच खोटे होते. म्हणजे ‘इंद्रियांवर विश्वास ठेवू नका, यंत्रावर ठेवा’ एवढा धडा पुरत नाही. कोणत्याही एका साक्षीदारावर विसंबू नये, दुसऱ्याला आणि तिसऱ्याला विचारावे, हा धडा दोन्ही घटनांना लागू पडतो.

वर्गात करून पाहा

फिरती खुर्ची मिळाली तर माखचा प्रयोग वर्गात होईल. विद्यार्थ्याचे डोळे बांधा. ज्या दिशेला फिरतो आहोत असे वाटेल तिकडे त्याने अंगठा दाखवायचा आणि फिरणे थांबले असे वाटले की मूठ मिटायची. वर्गात शांतता हवी, कारण आवाजावरूनही दिशा कळते. खुर्ची सावकाश, एकाच गतीने अर्धा मिनिट फिरवा आणि मग हळूच थांबवा. खुर्ची फिरत असतानाच मूठ मिटेल आणि थांबल्यावर अंगठा उलट दिशा दाखवू लागेल! दोघांनी बाजूला उभे राहावे, उठताना विद्यार्थ्याचा तोल जाऊ शकतो.

खुर्ची नसेल तर पेल्यात पाणी घेऊन त्यावर चिमूटभर चहाची पूड टाका आणि पेला उभ्या अक्षाभोवती फिरवा. आधी पेला फिरतो, पूड फिरत नाही. मग दोन्ही बरोबर फिरतात. पेला थांबवला तरी पूड फिरतच राहते. कानात काय घडते ते डोळ्यांना दिसते.

प्रयोग झाल्यावर खुर्चीत बसलेल्या विद्यार्थ्याला एक प्रश्न जरूर विचारा: “तू चुकतो आहेस असे तुला एकदा तरी वाटले का?” त्याचे उत्तर सगळ्या वर्गाने ऐकण्यासारखे असते.